सीताफळाची पेशी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर खराडी मागें टाकली कीं वाघोली लागते. पेशवाईंतील सरदार पिलाजीराव जाधवराव यांचें हें गांव. वाघेश्वराचें देऊळ आणि जाधवरावांची समाधि पाहण्यास इतिहासाची आवड असलेली मंडळी अजूनहि येथें येतात. इतरांस मात्र हें गांव दगडाच्या खाणींमुळें आणि रस्त्यावरील वाहनांच्या खोळंब्यामुळेंच ठाऊक आहे. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत सामील झालें, तरी भाद्रपद-आश्विनांत रस्त्याच्या कडेस सीताफळांच्या पाट्या मांडून बसणाऱ्या बायका अद्याप दिसतात, आणि गाडी थांबवून भाव करणारे आमच्यासारखे गिऱ्हाईकहि दिसतात.

गेल्या वर्षींच्या आश्विनांतली गोष्ट. आम्ही जेथें जीवशास्त्र शिकवितों त्या महाविद्यालयांत नेहमींचें प्रात्यक्षिक चाललें होतें. कांद्याचा पापुद्रा कांचपट्टीवर ठेवून वनस्पतिपेशी पाहावयाची, आणि गालाच्या आंतल्या बाजूस हलकेंच खरवडून निघेल त्यांत प्राणिपेशी पाहावयाची. तें आटोपल्यावर एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, झाडांना कॅन्सर होत नाहीं ना? मग झाडाच्या पाल्यानें माणसाचा कॅन्सर कां जाऊं नये?" वर्गांत हशा पिकला. आम्हींहि वेळ मारून नेली. वनस्पतिपेशी निराळी व प्राणिपेशी निराळी, एवढें सांगून तास संपविला. मागाहून समजलें तें असें कीं, मुलीच्या आजीस या रोगानें गांठलें होतें. रुग्णालयाचे उपचार चालू होते, आणि कोणा नातलगाच्या सल्ल्यावरून रोज सकाळीं लक्ष्मणफळाच्या पानांचा काढाहि चालू होता. आमचें उत्तर घेऊन घरीं गेलेल्या त्या मुलीच्या हातीं काय पडलें असेल? कांहींच नाहीं, आणि जें पडलें तें अर्धें चुकीचें होतें. या लेखाचें निमित्त तेवढेंच.

पाठ्यपुस्तकांत पेशीचीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं छापलेलीं असतात. डावीकडे चौकोनी, हिरवट, जाड भिंतीची वनस्पतिपेशी. उजवीकडे वाटोळी, गुलाबी प्राणिपेशी. आणि खालीं भेदांचें कोष्टक. वनस्पतिपेशीस भित्तिका आहे, प्राणिपेशीस नाहीं. वनस्पतिपेशीच्या पोटांत रसानें भरलेली मोठी रिक्तिका असते; तिच्या दाबानें पेशी ताठ राहते, आणि पाणी कमी पडलें कीं पालेभाजी सुकते ती यामुळेंच. हिरव्या भागांतील पेशींत हरितलवकें असतात. तीं उन्हाच्या बळावर पाणी आणि कर्बवायु यांपासून साखर तयार करतात. प्राणिपेशीस ही सोय नाहीं. तिला दुसऱ्यानें शिजविलेल्या अन्नावर राहावें लागतें. हें सारें खरें आहे, आणि परीक्षेस येतें. पण कोष्टकच भेदांचें असल्यामुळें साम्य सांगण्यास त्यांत जागा उरत नाहीं. काय आंत घ्यावें व काय बाहेर टाकावें याची निवड करणारें पातळ पटल. मध्यें केंद्रक, व त्यांत गुणसूत्रांच्या रूपानें ठेवलेलें वंशाचें दप्तर. त्या दप्तराबरहुकूम प्रथिनें घडविणारे रायबोसोम. आणि अन्नाचें मंद ज्वलन करून शक्ति काढणाऱ्या तंतुकणिका, एवढें सर्व दोहोंकडे एकच आहे. झाडाला हरितलवकें असल्यामुळें तंतुकणिकांची गरज नाहीं, असें समजणारे विद्यार्थी आम्हीं पदवीच्या वर्गांतहि पाहिले आहेत. झाड दिवसा अन्न करतें, पण श्वासोच्छ्वास रात्रंदिवस करतें.

या दोन चित्रांची छाया शब्दांवरहि पडलेली आहे. इंग्रजींतील 'सेल' म्हणजे लहानशी कोठडी. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यांतील रिकाम्या खणांना त्यानें हें नांव दिलें. म्हणजे तें नांव भिंतीवरून पडलें, आणि तीहि मेलेल्या झाडाची भिंत. आमचा 'पेशी' शब्द उलट मांसाकडून आलेला आहे. आयुर्वेदांत मांसाच्या पेशी प्रसिद्धच आहेत. शिवाय दुसऱ्या महिन्यांतील गर्भाचीं जीं रूपें चरकसंहितेंत वर्णिलीं आहेत त्यांत घन आणि पेशी यांच्या जोडीस अर्बुद आहे. अर्बुद म्हणजे गांठ. शरीरांत वाढणाऱ्या दुष्ट गांठीसहि प्राचीन वैद्यांनीं हाच शब्द योजिला. पेशी व अर्बुद हे शब्द इतक्या जुन्या काळीं एका वाक्यांत आले यांत आधुनिक शास्त्राचा पूर्वसंकेत शोधणारे लोक आहेत. त्यांत आम्ही नाहीं. पण इंग्रजीनें नांव झाडावरून घेतलें व मराठीनें मांसावरून, आणि आज तीं दोन्ही नांवें दोहोंस चालतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी वाटते.

झाडाची आणि प्राण्याची पेशी मुळांत एक, हें ज्ञान एका जेवणाच्या प्रसंगानें पुढें सरकलें. रॉबर्ट ब्राउन यानें ऑर्किडच्या पेशींत पाहिलेल्या गोलकास १८३१ सालीं केंद्रक असें नांव दिलें होतें. पुढें बर्लिनमध्यें श्लायडेन हा वनस्पतींचा अभ्यासी व श्वान हा प्राण्यांचा, असे दोघे एकत्र जेवीत असतां श्लायडेननें वनस्पतिपेशींतील या केंद्रकाचें महत्त्व सांगितलें. तें ऐकतांच, बेडकाच्या पिलाच्या पृष्ठरज्जूंत आपणहि असलेंच कांहीं पाहिलें आहे, अशी आठवण श्वानास झाली. श्लायडेनचा निबंध १८३८ मध्यें निघाला, श्वानचा ग्रंथ १८३९ मध्यें. त्यांनीं पेशीच्या जन्माची जी उपपत्ति दिली ती चुकीची ठरली, आणि प्रत्येक पेशी पूर्वींच्या पेशीपासूनच होते हें सूत्र फिर्खोनें १८५८ च्या व्याख्यानांतून रूढ केलें. रोग हा पेशींचा रोग, ही दृष्टीहि त्याचीच.

यानंतर शंभर वर्षांनीं याच साम्याच्या कामास दोन महाराष्ट्रीय स्त्रियांचे हात लागले. एकीचें नांव कमला, दुसरीचें कमल.

कमला भागवत या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. विवाहानंतरच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे गेल्या. वडील व चुलते त्याच संस्थेचे विद्यार्थी. तरीहि संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला, कमलाबाईंनीं हट्ट धरला, आणि एक वर्षाच्या परीक्षेच्या बोलीवर त्यांस घेण्यांत आलें. ही हकीकत हल्लीं पुष्कळ ठिकाणीं छापून येते, आणि यावी. परंतु ती सांगणारे लोक, बाईंनीं पुढें केंब्रिजमध्यें केलें काय, याविषयीं एका ओळीपलीकडे जात नाहींत. पराक्रम प्रवेश मिळविण्यांतच संपला, असा वाचकाचा ग्रह होतो. तो पराक्रम तर त्यानंतरचा आहे.

प्राणवायु पेशीच्या कामीं येतो तो कसा, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. मॅकमन नांवाच्या एका वैद्यानें १८८० नंतरच्या वर्षांत प्राण्यांच्या स्नायूंत एक रंगद्रव्य पाहिलें होतें. परंतु होप्पे-झाय्लर या बड्या जर्मन रसायनज्ञानें तें खोडून काढलें, आणि मॅकमन विस्मृतींत गेला. १९२५ सालीं केंब्रिजच्या कायलिन यास माशीच्या स्नायूंत व यीस्टमध्यें तेंच द्रव्य पुन्हा आढळलें. वर्णपटदर्शकांतून पाहिलें असतां त्याचे काळे पट्टे दिसत, आणि प्राणवायु मिळतांच ते मावळत. त्यानें त्यास सायटोक्रोम, म्हणजे पेशीचा रंग, असें नांव दिलें. प्राणी, यीस्ट व वनस्पति या तिघांतहि तें आहे, असें कायलिननें म्हटलें होतें खरें. पण वनस्पतींची गोष्ट अवघड होती. हिरव्या पानांत हरितद्रव्याचा रंग इतर रंगांस झांकून टाकतो, आणि चिरलेला बटाटा ज्यांमुळें काळा पडतो तसलीं दुसरींच ऑक्सिडीकारक द्रव्यें मधें मधें लुडबुडतात. प्राण्यांच्या पेशींत ज्या वाटेनें प्राणवायूचा उपयोग होतो त्याच वाटेनें झाडांतहि होतो कीं नाहीं, याविषयीं शंकेस जागा होती.

कमलाबाई प्रथम डेरेक रिश्टर यांच्या प्रयोगशाळेंत होत्या. मग रॉबिन हिल यांजकडे गेल्या. हे हिल म्हणजे हरितलवकांच्या शोधामुळें पुढें सर्वश्रुत झालेले वनस्पतिरसायनज्ञ. बटाट्यासारख्या साध्या पदार्थावर त्यांनीं काम केलें. १९३९ सालीं 'नेचर' या साप्ताहिकांत हिल व भागवत यांच्या नांवानें जें टिपण निघालें त्याचा विषय फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हा आहे. श्वसनाची जी साखळी आहे तिच्या अगदीं शेवटच्या कडीचें हें नांव. प्राणवायूशीं गांठ घालून देण्याचें काम तिच्याकडे. घोड्याच्या स्नायूंत जी शेवटची कडी, तीच बटाट्यांत. बाईंचा डॉक्टरेटचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता असें सांगतात. हल्लींच्या प्रबंधांचीं ओझीं उचलणाऱ्या आमच्यासारख्या परीक्षकांस त्या चाळीस पानांचा हेवा वाटल्यावांचून राहत नाहीं.

दुसरी बाई पुण्याची. कमल समर्थ यांचा जन्म १९१७ चा, शाळा हुजूरपागेची, वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीनें डॉक्टर व्हावें ही वडिलांची इच्छा. मुलगी गेली वनस्पतिशास्त्राकडे. १९३९ सालीं गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशीं विवाह झाला, आणि १९४३ मध्यें पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांतून त्यांनीं एम्. एस्‌सी. केलें. विषय कोणता, तर सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींचें पेशी-आनुवंशशास्त्र. या कुळांत सीताफळ येतें, रामफळ येतें, हिरवा चांफा येतो, आणि अर्थात् लक्ष्मणफळहि येतें.

हा अभ्यास म्हणजे मुख्यतः गुणसूत्रें पाहण्याचा. झाडाच्या मुळाचें टोंक हें यासाठीं फार सोयीचें. तेथें पेशींचें विभाजन अखंड चालू असतें. टोंक कापावें, अम्लांत मऊ करावें, रंगवावें, अंगठ्यानें दाबावें, कीं गुणसूत्रें पसरून दिसूं लागतात. सीताफळाच्या पेशींत तीं १४ मोजतां येतात. आतां मौज अशी कीं, ज्या काळीं पुण्यांत एक विद्यार्थिनी सीताफळाच्या कुळांतील गुणसूत्रें मोजीत होती, त्या काळीं माणसाच्या गुणसूत्रांची संख्या जगांतील कोणासहि बरोबर ठाऊक नव्हती. १९२३ सालीं पेंटर यानें ती ४८ सांगितली, आणि तीस वर्षें सर्व ग्रंथांत ४८ च छापून येत राहिली. ज्यांस ४६ दिसलीं त्यांनाहि आपलीच चूक झाली असें वाटे. प्राण्याच्या अंगांतून कापून घेतलेल्या तुकड्यांत विभागणाऱ्या पेशी मोजक्या असत, आणि त्यांतील गुणसूत्रें लोकरीच्या गुंत्यासारखीं एकमेकांत अडकलेलीं असत.

हा गुंता सुटला तो स्वीडनमधील लुंड येथें, १९५५ च्या डिसेंबरांत. तो सोडविणारे त्यो व लेव्हान हे दोघेहि मूळचे झाडांचे अभ्यासक. त्यो यांचा जन्म जावांतला, आणि लेव्हान यांनीं कांद्याच्या मुळांवर वर्षानुवर्षें काम केलेलें. त्यांनीं मानवी पेशी शरीराबाहेर कांचेच्या पात्रांत वाढविल्या, सौम्य द्रवांत फुगविल्या, कॉल्चिसीन या विषानें त्यांचें विभाजन मध्येंच रोखून धरलें, आणि मग झाडाच्या मुळांप्रमाणें दाबून त्यांचीं गुणसूत्रें मोजलीं. हें कॉल्चिसीन आमच्या कळलावीच्या कंदांतहि असतें. माणसाचीं ४६ गुणसूत्रें माणसाला समजलीं तीं अशीं, वनस्पतिशास्त्राच्या युक्तीनें आणि वनस्पतीच्या विषानें.

यांतील पहिली गोष्ट, म्हणजे प्राण्याच्या पेशी शरीराबाहेर वाढविणें, हीच पुढें कमलाबाई रणदिवे यांची विद्या झाली. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व परळच्या टाटा रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं काम करूं लागल्या. वडिलांची इच्छा अशा रीतीनें फिरून रुग्णालयापर्यंत पोंचली म्हणावयाची. १९४९ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. नंतर त्या अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत ऊतिसंवर्धन शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गांठींतून घेतलेल्या पेशी १९५१ सालीं ज्या प्रयोगशाळेंत प्रथम वाढविल्या गेल्या ती हीच. लॅक्सबाई त्याच वर्षीं वारल्या; त्यांच्या पेशी अद्याप जगभर वाढत आहेत, आणि त्या घेतांना त्यांची अनुमति कोणी विचारली नव्हती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. परत आल्यावर कमलाबाईंनीं मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती या देशांतील पहिली. उंदरांच्या स्तनांतील कर्करोगावर, आणि त्यांत संप्रेरकें व विषाणु यांचा वांटा कोणता यावर, त्यांचें पुष्कळ काम आहे. १९७३ सालीं भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संस्था स्थापन झाली तीहि त्यांच्याच पुढाकारानें. १९८२ मध्यें त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि २००१ सालीं त्या निवर्तल्या.

सीताफळाकडून कर्करोगाकडे हा प्रवास वरवर पाहतां विचित्र वाटतो. पण दोन्हीकडे पाहावयाचें तें एकच होतें; पेशी आपली प्रत कशी काढते, आणि प्रत काढतांना ती चुकते कोठें.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊं. झाडांना कर्करोग होत नाहीं हें म्हणणेंच तितकेंसें खरें नाहीं. गुलाब, द्राक्षवेल इत्यादींच्या खोडाच्या बुडाशीं गांठी येतात. त्या एका जिवाणूमुळें येतात हें १९०७ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. हा जिवाणु आपल्या वंशद्रव्याचा एक तुकडा झाडाच्या पेशींत घुसवितो; मग जिवाणु नाहींसा केला तरी पेशी बेबंद वाढतच राहते. म्हणजे बेबंद वाढ झाडालाहि चुकलेली नाहीं. चुकला आहे तो प्रसार. झाडाची पेशी भिंतींत चिणलेली आणि शेजारणीशीं सांधलेली. तिला जागा सोडून जातां येत नाहीं, आणि तिला वाहून नेण्यास रक्ताचा प्रवाहहि नाहीं. त्यामुळें गांठ सहसा जेथल्या तेथें राहते, व झाड तिला अंगावर घेऊन वर्षानुवर्षें जगतें. माणसाला मारते ती बहुधा पहिली गांठ नव्हे. तींतून सुटून यकृतांत, फुफ्फुसांत, हाडांत बिऱ्हाड करणाऱ्या पेशी माणसाला मारतात. कोष्टकांतील पहिला भेद, ज्यास आम्ही एक गुण देऊन पुढें जातों, त्याचा अर्थ एवढा खोल आहे.

पण झाडाची ही पेशी कोंडलेली असली तरी तिची दुसरी एक शक्ति प्राणिपेशीस नाहीं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत झाडांच्या लहानशा तुकड्यांपासून संपूर्ण रोपें करण्याचें काम अनेक वर्षें चाललें. तेथील नाडगौडा, परशरामी व मस्करेन्हास यांनीं कित्येक वर्षांनीं एकदां फुलणारा बांबू कांचेच्या नळींत कांहीं महिन्यांत फुलवून दाखविला, आणि तें वृत्त १९९० सालीं 'नेचर'मध्यें आलें. तेथून फार दूर नाहीं अशा गणेशखिंडींत विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथें माणसाच्या व इतर प्राण्यांच्या पेशी अतिशीत पात्रांत सांभाळून ठेवतात व देशांतील प्रयोगशाळांस पुरवितात. पाषाणच्या नळींतून झाड निघतें. गणेशखिंडीच्या पात्रांतून पेशींच्या पेशीच निघतात.

राहिला काढा. लक्ष्मणफळाच्या पानांत व बियांत अ‍ॅसेटोजेनिन नांवाचीं द्रव्यें असतात; सीताफळाच्या बियांतहि असतात. कांचेच्या बशींत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशी या द्रव्यांनीं मरतात, ही गोष्ट खरी आहे, आणि काढ्याची कीर्ति पसरली ती तेवढ्याच बळावर. त्या मरतात कशा? तंतुकणिकेंतील श्वसनाच्या साखळीची पहिली कडी तें द्रव्य बंद पाडतें, म्हणून. ज्या साखळीची शेवटची कडी कमला भागवतांनीं बटाट्यांत दाखविली, तीच ही साखळी; ती बटाट्यांत आहे, घोड्यांत आहे, कर्करोगाच्या पेशींत आहे, आणि आजीच्या मेंदूंतील धडधाकट पेशींतहि आहे. वेस्ट इंडीजमधील ग्वादेलूप बेटावर या कुळांतील फळें व पानांचे काढे नित्य घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा एक विकार अधिक दिसतो, व त्याचा या वनस्पतींशीं संबंध असावा, असें फ्रेंच वैद्यांनीं १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध केलें. उलट माणसांत त्या काढ्यानें कर्करोग बरा होतो असें कोणत्याहि रीतसर परीक्षेंत सिद्ध झालेलें नाहीं.

तरी झाडाच्या पाल्यानें कर्करोग कां जाऊं नये, हा प्रश्न हंसण्याजोगा नव्हता, आणि वर्ग हंसला त्या वेळीं आम्हीं त्यास थांबवावयास पाहिजे होतें. दारांतल्या सदाफुलीपासून काढलेलीं व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन हीं औषधें रक्ताच्या कर्करोगांत वापरलीं जातात. तींहि कळलावीच्या विषाप्रमाणें पेशीचें विभाजन रोखतात. निरोगी पेशींसहि तीं सोडीत नाहींत, म्हणून मात्रा काटेकोर हिशेबानें ठरवावी लागते, व रक्त तपासून पुढची मात्रा द्यावी लागते. काढ्याच्या भांड्यांत किती द्रव्य उतरलें हें कोण मोजतो?

हें सर्व आम्हीं त्या मुलीस पुढल्या आठवड्यांत फळ्यावर चित्रें काढून सांगितलें. तिनें तें वहींत उतरून घेतलें आणि घरीं वाचून दाखविलें. वडिलांनीं रुग्णालयांतील डॉक्टरांस काढ्याविषयीं प्रथमच विचारलें, आणि त्यांनीं तो त्याच दिवशीं बंद करावयास लावला. आजींचे उपचार अजून चालू आहेत. परवां प्रात्यक्षिकाच्या वेळीं ती मुलगी पुन्हा आमच्या टेबलाशीं आली. "सर, आजीला सीताफळ खावंसं वाटतंय. नुसता गर, बिया काढून. दिलं तर चालेल का?" आम्हीं सांगितलें, डॉक्टरांस विचारावें, आणि संध्याकाळीं नगर रस्त्यावर गाडी थांबवून दोन डोळस सीताफळें तिच्यासाठीं घेऊन ठेवलीं.